बुवाचं पाणी

योगराजचं सामान घेऊन त्याचा मित्र रोशन पुण्याहून पिंपळटोल्याला आला, त्या दिवशी ताराचंद लंजे वावरात धानाचे भारे बांधत होता. घरी पाहुणा आल्याचा निरोप मिळाला तरी तो लगेच निघाला नाही. हातातला भारा बांधून झाला, मग शेजारचा बांधला, मग बांधाकडेला विखुरलेल्या पेंढ्या उगाच सारख्या करत बसला. पोराच्या बॅगा अंगणात उतरवलेल्या बघाव्या लागतील हे त्याला ठाऊक होतं, आणि ते जितकं लांबेल तितकं त्याला हवं होतं.

योगराज त्याचा एकुलता मुलगा. पुण्याजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. पावसाळा सरता सरता त्याला ताप आला. आईला फोनवर म्हणाला, अंग दुखते, बाकी काही नाही. मग एका सकाळी स्वतःच फोन करून सांगितलं की ताप उतरला. शांतीबाईनं देवाजवळ दिवा लावला. डेंगूचा ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. योगराजलाही नव्हतं. तो कामावर गेला होता. दुसऱ्या दिवशी रोशनचा फोन आला. नवराबायको मिळेल त्या गाडीनं निघाले, पण पुण्याला पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं.

ताराचंद घरी आला तेव्हा ओसरीवर दोन बॅगा, एक हेल्मेट, पाण्याचे दोन मोठे कॅन आणि काचेची एक रिकामी पेटी ठेवलेली होती. रोशन थर्माकोलच्या डब्याची चिकटपट्टी सोडत होता. आत बर्फाच्या बाटल्यांमध्ये एक बरणी होती आणि बरणीत वीतभर लांबीचं काहीतरी जिवंत होतं.

शांतीबाई पुढे वाकून बघत होती. जनावर फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरं. चार पाय, त्यांना बाळाच्या बोटांसारखी बोटं. मानेच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांचे तुरे, पाण्यात हळूहळू हलणारे. डोळे टिकलीएवढे आणि त्यांना पापण्या नव्हत्या. तोंड असं, की कुणालाही वाटावं ते हसतं आहे.

रोशननं त्याचं नाव सांगितलं, ॲक्सोलॉटल. सात समुद्रापलीकडच्या कुठल्याशा थंड तळ्यातला प्राणी, पण आता लोक घरात पाळतात. योगराजनं वर्षभर सांभाळला होता. तासन्‌तास एका जागी बसून राहतो म्हणून तो त्याला बुवा म्हणायचा. "आमच्या नव्या खोलीत ठेवायला मालक तयार नाही, काकू," रोशन म्हणाला. "कुणाला देऊन टाकावा असं वाटलं, पण आधी तुम्हाला विचारल्याशिवाय मन होईना."

ताराचंदनं बोडीत सोडून द्यायला सांगितलं. गावाच्या उशाशी असलेली ती बोडी, म्हणजे लहान तळं, त्याच्या पणज्याच्या पिढीनं पाळ घालून बांधलेली. तिचं पाणी धानाच्या कुणाच्या बांधीत किती वेळ जाऊ द्यायचं हे ठरवणारा गावचा पाणकर म्हणजे ताराचंदच. पाण्यातलं जनावर पाण्यात सोडायचं, एवढं साधं त्याच्या डोक्यात होतं. रोशननं मान हलवली. तिथलं पाणी त्याला सोसणार नाही, आणि सोसलं तरी ढोक-बगळे त्याला संध्याकाळपर्यंत ठेवणार नाहीत.

 शांतीबाईनं बरणी उचलून घरात नेली.

योगराजच्या खोलीत टेबलावर काचेची पेटी मांडली गेली. रोशननं कॅनमधलं पाणी तीत ओतलं, स्पंजचं फिल्टर बसवलं, वायर जोडली. हे पाणी त्यानं मुद्दाम पुण्याहून आणलं होतं. सगळं पाणी एकदम कधी टाकून द्यायचं नाही, तो म्हणाला, योगराजनं हे पाणी जमवायला महिने घालवलेत, यात त्याला लागणारं सगळं आहे. मग आणखीही सांगितलं. दर आठवड्याला चौथा हिस्सा काढून विहिरीचं ताजं पाणी घालायचं, नळाचं नको, त्यात ब्लीचिंग असतं. खायला गांडुळं. उन्हापासून दूर. हे सांगत होता तेव्हा ताराचंद हेल्मेटच्या आतल्या कापडाकडे बघत होता. तिथे एक काळा केस अडकलेला होता. शांतीबाईच्या कानांनी पहिलं वाक्य पकडलं आणि पुढचं काहीच आत घेतलं नाही. हे पाणी योगराजनं भरलेलं आहे.

रोशन जेवून दुसऱ्या सकाळी परत गेला.

त्या हिवाळ्यात शांतीबाई पुन्हा उठून कामाला लागली. पोरगा गेल्यापासून ती अर्धी भाकर खाऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. बायका बसायला आल्या तर त्यांच्याकडे बघायचीही नाही. आता सकाळी न्हाणीमागच्या ओल्या जागेत खुरपं घेऊन बसायची, गांडुळं काढायची, स्वच्छ धुवायची आणि एकेक करून बुवाच्या तोंडासमोर धरायची. बुवा क्षणभर काहीच करायचा नाही आणि मग एकदम डोकं पुढे झटकून गांडूळ आत ओढायचा. तिला त्याचं हसू यायचं. शेजारच्या बायका बघायला आल्या, कुणी त्याला पाल म्हटलं, कुणी पोटातलं अर्धं वाढलेलं लेकरू म्हटलं. तिला ते आवडलं नाही आणि तिनं खोलीचं दार लावून घ्यायला सुरुवात केली.

ताराचंद त्या खोलीत जात नव्हता. दारातून बोलायचा. आणि बोलायचं तरी काय म्हणून, हाही प्रश्न होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून तो तिला "योगराजची माय" अशी हाक मारत आला होता आणि ती त्याला "योगराजचे बाबा". आता दोघांच्याही तोंडून ती हाक निघत नव्हती. "आइकून राह्यली का?" असं तो उंबऱ्यावरून म्हणायचा आणि ती "हं" म्हणायची. धान घरी आलं, चुरणं म्हणजे मळणी झाली, विकलं गेलं. तो उरलेला वेळ बोडीच्या पाळीवर फिरून काढायचा.

पेटीतलं पाणी थोडं आटलं की शांतीबाई लोटाभर वरून घालायची. काढायची मात्र थेंबभरही नाही.

संक्रांत होऊन गेली तसं बुवाचं खाणं कमी झालं. आधी तिला वाटलं थंडी बाधली. गांडूळ तोंडाजवळ नेलं तर तो डोकं वळवायचा. एकदा तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. मानेवरचे तुरे पहिल्यासारखे लाल राहिले नाहीत. फिके पडले, टोकं झिजल्यासारखी आखूड झाली. शेपटीचं टोक वाकून आकड्यासारखं झालं. मध्येच तो वेड्यासारखा पेटीभर धडका देत फिरायचा आणि मग कुशीवर पडून राहायचा. शांतीबाईनं पेटीवर गोधडी पांघरली. त्यानं फरक पडला नाही. ती जवळ बसून त्याच्याशी बोलायची, खाय रे, एक घास खाय.

ताराचंदला ते वासावरून कळलं. एका दुपारी दारातून बोलताना आतून वास आला आणि त्याला तो ओळखीचा वाटला. बोडीला पाणी सोडायचं जे दार असतं, तुडुम म्हणतात त्याला, ते गाळानं बुजून गेलं आणि जुनं पाणी बाहेर पडेनासं झालं की उन्हाळ्यात असा वास सुटतो. त्यानं तो वास ओळखला आणि बोडीकडे निघून गेला. पाण्याचा विषय आत्ता काढला तर काय होईल हे त्याला दिसत होतं. पण बुवा खाईना आणि शांतीबाईही पुन्हा ताट सरकवून द्यायला लागली, तेव्हा तो पहिल्यांदा खोलीत गेला.

"हे पानी सडलं आहे," तो म्हणाला. "बदलावं लागते."

"हे पानी त्याच्या हातचं होय."

"आहे. पन सडलं आहे."

"हात नोका लावू," शांतीबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. नुसती पेटीसमोर उभी राहिली. ताराचंद बाहेर आला.

त्याच आठवड्यात अर्जुनीहून जनावरांचे डॉक्टर गावात लाळ-खुरकुताच्या लसी टोचायला आले. उमेंद्र म्हणून तरुण माणूस होता, बदली होऊन नुकताच आलेला. ताराचंदनं आपल्या बैलजोडीला लस टोचून घेतली आणि मग घुटमळत विचारलं, घरात आणखी एक जनावर आजारी आहे, बघता का. डॉक्टरांना वाटलं बकरी असेल.

खोलीत आल्यावर ते पेटीपुढे उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले. "काका, खरं सांगतो," ते म्हणाले, "हा मी पुस्तकात पाहिला होता. समोर आजच पाहतो आहे." मग नागपूरला असले प्राणी बघणाऱ्या एका मॅडमना त्यांनी फोन लावला आणि फोनचा कॅमेरा पेटीकडे धरला. पलीकडून त्या एकेक गोष्ट विचारत गेल्या, तुरे दाखवा, शेपूट दाखवा, पोटाखालची कातडी कशी आहे. कातडी लाल झाली होती आणि काही जागी सोलल्यासारखी सुटत होती. पाणी तपासायचे थेंब मिळतात, ते घरात आहेत का, असं त्यांनी विचारलं. असले तर ते योगराजच्या बॅगेतच असणार होते. ती बॅग तोवर कुणी उघडली नव्हती. शांतीबाईनं स्वतः उठून चेन ओढली, वरचे कपडे बाजूला केले आणि खालची लहान डबी काढून दिली.

काचेच्या नळीत पेटीतलं पाणी घेऊन डॉक्टरांनी थेंब टाकले. पाणी पिवळ्याचं हिरवं झालं आणि हिरव्याचं गडद हिरवं.

"अमोनिया," फोनवरच्या मॅडम म्हणाल्या. "याच्याच घाणीचा. थोडा असला तरी त्याला पुरे होतो. इथे तर खूप आहे."

डॉक्टरांनी ते शांतीबाईला सोप्या शब्दांत समजावलं. बुवा मुततो, हगतो, खाल्लेलं उरतं, ते सगळं याच पाण्यात कुजतं आणि त्यानं त्याचे कल्ले, म्हणजे हे तुरे, आणि कातडी भाजून निघते. गाईला गोठ्यात शेणामुतात महिनोन्‌महिने उभं ठेवलं तर खूर सडतात, तसं. रोग नाही हा. पाणी आहे. "किती दिवसांपासून बदललं नाही?" त्यांनी विचारलं.



"आलं तवापासून," शांतीबाई म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काय करायचं ते सांगितलं. त्याला आजच या पाण्यातून काढायचं. रुंद टबात विहिरीचं थंड, स्वच्छ पाणी घ्यायचं, रोज सगळं बदलायचं, अंधाऱ्या जागी ठेवायचं आणि खायची जबरदस्ती करायची नाही. वाचेलच असं सांगता येत नाही. आपला नंबर देऊन ते पुढच्या गोठ्याकडे गेले.

ताराचंदनं टब घासून धुतला, विहिरीवरून पाण्याचे गुंड-हंडे भरून आणले आणि माजघरात कोपऱ्यातल्या अंधारात टब भरून ठेवला. हे सगळं होईस्तोवर शांतीबाई खुर्चीवरून हलली नव्हती.

"मेला तं त्याच्या पान्यात मरन," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या पान्यात कायले मरावं त्यानं?"

पुण्याच्या त्या दवाखान्याच्या लांब बोळात तिनं हेच, जवळजवळ याच शब्दांत म्हटलं होतं. परक्या गावात कायले मरावं त्यानं. तो टबाजवळ जमिनीवर बसला आणि बसूनच राहिला. तिच्या हातून ओढून घ्यायचं नाही एवढं त्यानं ठरवलं होतं. का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दिवेलागणीच्या सुमारास बुवा पेटीत वर आला, पाण्याबाहेर तोंड काढून त्यानं हवा गिळली, आणि खाली जायच्या ऐवजी उलटा होऊन तसाच तरंगत राहिला. पोट वर. लहान हात दोन्हीकडे पसरलेले. शांतीबाई उठली. तिनं दोन्ही हातांची ओंजळ पाण्यात घातली, त्याला खालून उचललं आणि थेंब सांडत माजघरात आली. ताराचंद बाजूला सरकला. तिनं ओंजळ टबात बुडवून उघडली.

पेटीतलं पाणी मात्र तिनं टाकू दिलं नाही. फिल्टरची वायर काढली, खोलीचं दार ओढून घेतलं. ते पाणी तिथेच राहिलं.

नंतरचे दिवस दोघांनी मिळून काढले. तो सकाळी विहिरीवरून पाणी आणायचा, ती ते माठात घालून रात्रभर थंड व्हायला ठेवायची, दुसऱ्या दिवशी तो टब कलता करून जुनं पाणी काढायचा आणि तेवढा वेळ ती बुवाला पाणी भरलेल्या गंजात घेऊन बसायची. बोलणं कामापुरतं होतं. धर, सोड, जरा थांबा. पण रोज बोलावं लागत होतं. बुवा सरळ झाला, तळाशी बसायला लागला. मग उरलेल्या तुऱ्यांवर पांढरी, कापसासारखी बुरशी धरली. ताराचंदनं डॉक्टरांना फोन केला. त्यांनी जाड्या मिठाचं पाणी करायला सांगितलं, किती मीठ, किती वेळ ते नागपूरच्या मॅडमना विचारून कळवलं, आणि जास्त वेळ ठेवलं तर मिठानंच मरेल अशी ताकीद दिली. मिठाच्या पाण्यात घातला की बुवा अंग पिळायचा. शांतीबाईला ते बघवायचं नाही. ती त्याला धरायची आणि तोंड फिरवून उभी राहायची, बघायचं काम ताराचंदचं. बुरशी हळूहळू सुटली. डाव्या बाजूचा एक तुरा मुळापासून गळून गेला होता; तिथे नुसता खुंट उरला.

एका सकाळी त्यानं गांडूळ खाल्लं. ताराचंद मनापासून हसला आणि बायकोकडे वळला, तर ती रडत होती. "बरा झाला म्हनतात ना, तवाच भेव वाटते मले," ती म्हणाली.

त्यालाही तेच वाटलं होतं.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा शांतीबाई काहीतरी शोधायला योगराजच्या खोलीत गेली. ताराचंद अंगणात दोरखंड वळत होता. ती बराच वेळ बाहेर आली नाही, म्हणून तो आत गेला. खिडकी उघडली होती आणि ती पेटीवर वाकून उभी होती. पाणी निम्म्यावर आलं होतं आणि त्यात बारीक बारीक किडे वरखाली वळवळत होते. पाण्याच्या पृष्ठभागाला शेपट्या लावून लोंबकळायचे आणि सावली पडली की झटके देत खाली जायचे. बुवा आत असता तर असलं काही त्यानं टिकू दिलं नसतं. डासांची पिल्लं होती ती. गावात आरोग्य केंद्राची आशाताई घरोघर टाक्यांत टॉर्च मारून हेच किडे दाखवत फिरते, त्यामुळे दोघांनाही ओळखायला वेळ लागला नाही. दोघांना एकच गोष्ट आठवली.

"तिकडून धरा," शांतीबाई म्हणाली.

दोघांनी पेटी उचलली. जड होती, पाणी आत हिंदकळत होतं, तिच्या लुगड्यावर सांडलं. अंगणात, जिथे उन्हानं माती तापून पांढरी पडली होती, तिथे तिनं पेटी कलती केली. पाणी पसरलं, काळं झालं आणि थोड्याच वेळात जमिनीत गेलं. किडे मातीवर उरले. ती तिथेच उभी राहून बघत होती. मग तिनं पेटी राखेनं घासली, आतूनबाहेरून, कोपऱ्याकोपऱ्यातून, आणि उन्हात उपडी ठेवली. त्या दिवशी दोघंही जेवले नाहीत.

होळीनंतर ऊन वाढलं. माठातलं पाणीही दुपारी कोमट लागायला लागलं. टिकारामच्या किराणा दुकानात थंड पेयांचा फ्रीज होता. शांतीबाई त्यात पाण्याच्या बाटल्या गोठवायला ठेवायची आणि दिवसातून अनेकदा जाऊन एक टबात सोडायची, विरघळलेली परत न्यायची. टिकाराम काही म्हणत नसे, पण वीज जायला लागली तसं त्याच्याही हातात काही राहिलं नाही. बाटल्या अर्धवटच गोठायच्या. बुवा पुन्हा खाईनासा झाला. अंग सैल पडलं, दिवसातून कितीदा तरी वर येऊन हवा गिळायचा. बर्फ मिळाला की सावरायचा, संपला की ढिला पडायचा.

उमेंद्र डॉक्टर एकदा वाट वाकडी करून येऊन गेले. त्यांनी गोल गोल बोलणं टाळलं. पाणी आता चांगलं आहे, जखमा भरल्या आहेत, पण मे महिन्यात इथे शेचाळीसपर्यंत पारा जातो आणि पाणी गार ठेवायचं यंत्र आणि दिवसभर वीज असल्याशिवाय हा जगणार नाही. याला औषध नाही. जागा बदलणं एवढंच आहे.

ताराचंदनं रोशनला फोन केला. त्याच्या ओळखीचं एक जोडपं होतं, पुण्यात, असे दोन प्राणी पाळणारं. खोली गार, पाणी गार करायचं यंत्र. ते घ्यायला तयार होते. हे शांतीबाईला कसं सांगावं म्हणून ताराचंद दिवसभर शब्द जुळवत फिरला. रात्री जेवताना सांगितलं. ती भात कालवत होती, हात थांबला नाही.

"घेऊन जा म्हना," ती म्हणाली. "उशीर नोका करू. यावेळी तं आपल्याले दिसून राह्यलं."

रोशन पुढच्या रविवारी आला. शांतीबाईनं थर्माकोलच्या डब्यात बाटल्या रचल्या, बरणी बसवली, झाकण लावायच्या आधी दोनदा बघितलं. ताराचंद रोशनबरोबर गोंदियापर्यंत गेला. अर्जुनीहून निघालेल्या पॅसेंजरमध्ये त्यानं डबा मांडीवर घेतला होता. गाडी मध्येच कुठेतरी उभी राहिली, आतली माणसं हवेसाठी दारात जाऊन उभी राहिली, आणि तो बाटल्या अजून गार आहेत का ते बघायला झाकणाखाली बोटं घालत राहिला. गोंदियाच्या फलाटावर रोशननं डबा घेतला. ताराचंदनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पुण्याची गाडी लागली होती. पोराच्या वयाचं पोर पुण्याच्या गाडीत चढतं आहे, हे त्यानं या फलाटावर आधी किती वेळा बघितलं होतं. गाडी हलायच्या आधीच तो वळून बाहेर आला.

घरी आला तेव्हा शांतीबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्यानं चूल पेटवली. चहा केला, तिच्याजवळ ठेवला, तो थंड झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला.

आधी आधी रोशन फोनवर चित्रं पाठवायचा. मोठ्या पेटीत बुवा, खाली वाळू, शेजारी त्याच्यासारखाच एक काळा. शांतीबाई एकदा बघायची आणि फोन परत द्यायची. मग चित्रं विरळ झाली आणि पाऊस लागला तेव्हा बंद झाली. ताराचंद धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकण्यात, मग रोवणीत गुंतला. बोडी भरली, पाण्याच्या पाळ्यांवरून भांडणं झाली, ती त्यानं मिटवली. पुण्याचं कुणी काही विचारलं नाही. विचारलं तर काहीतरी कळेल, आणि काय कळेल ते सांगता येत नाही, म्हणून दोघंही विचारत नव्हते. योगराजचं वर्षश्राद्ध झालं. खोलीचं दार आता दिवसा उघडं असायचं. आत धानाची पोती ठेवली होती.

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी रोशनचा फोन वाजला. ताराचंदनं पडद्यावर नाव बघितलं आणि शांतीबाईकडे बघितलं. ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. हात थांबले.

"उचला," ती म्हणाली.

त्यानं आवाज मोठा करून फोन दोघांच्या मध्ये ठेवला. रोशननं आधी प्रकृती विचारली, पीक कसं आहे ते विचारलं. मग जरा अडखळत म्हणाला, माझं लग्न ठरलं आहे काका, तुळशीचं लग्न झाल्यावर लगेच. तुम्ही दोघांनी यायचं. योगराज असता तर सगळी धावपळ त्यानंच केली असती.

ताराचंदनं फोन तिच्याकडे सरकवला. शांतीबाईच बोलली. मुलगी कुठली, काय शिकलेली, दोघांनी पसंत केली की घरच्यांनी, तुझी आई खूश आहे ना, असं तिनं एकेक विचारलं आणि तो सांगत गेला. ताप-बिप आला तर अंगावर काढू नको, उतरला तरी दवाखान्यात जाय, असंही तिनं सांगितलं. तो हो म्हणाला. बुवाबद्दल तो काही बोलला नाही, आणि तिनंही विचारलं नाही. शेवटी म्हणाली, येऊ आम्ही, काऊन नाई येनार.

फोन बंद झाल्यावर तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "चांगलं झालं," ती म्हणाली, आणि तांदळातले खडे वेचायला लागली.

लग्नाला ते गेले नाहीत. धान कापणीला आलं होतं.